वसतिगृहांचा राजा : राजर्षी शाहू छत्रपती



आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना चिटणीस महाशयांनी आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आमची उभी हयात शाळेच्या फळ्यासमोर गेलेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी आमच्यापासून करू नये. परंतु चरित्रनायक निवडताना आम्हांस क्षणाचाही विचार करावा लागला नाही. आपल्या संस्थेच्या वसतिगृहाच्या पायऱ्या चढताना ज्या पुरुषाचे स्मरण प्रत्येकास व्हावयास पाहिजे, पण क्वचितच होते, तो पुरुष म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांच्या पराक्रमाच्या व दिलदारीच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. आम्ही मात्र येथे मुख्यतः एकाच अंगाचा विचार करणार आहो. गरीब विद्यार्थ्याला शाळा-कॉलेजात नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या निवाऱ्याची व अन्नाचीही तरतूद करावी लागते, हे या राजाने कसे ओळखले व त्यासाठी काय केले, हा आमचा विषय होय.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे अधिपती, आणि मातुःश्री राधाबाई. बाळ अवघे तीन वर्षांचे असताना मातुःश्री निवर्तल्या. पुढे कोल्हापूरच्या गादीला वारस राहिला नाही, तेव्हा चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेवले. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, वडिलांचेही छत्र हरपले. बाराव्या वर्षाच्या आत आईबापांस मुकलेला हा मुलगा पुढे सहस्रावधी मुलांचा पालक व्हावा, हा योगायोग आम्हांस नेहमीच विचार करावयास लावतो.

1885 पासून चार वर्षे महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. 1890 पासून धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज गुरूच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले. 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईसाहेबांशी त्यांचा विवाह झाला आणि 2 एप्रिल 1894 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांनी हाती घेतली. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे त्यांनी राजकोटला स्वतः अनुभविले होते. तेथे राजपुत्रांच्या दिमतीस सर्व काही असे. परंतु कुणब्याचे, शिंप्याचे किंवा चांभाराचे पोर शिकण्यासाठी शहरात आले तर त्याने पथारी कोठे पसरावी, हा प्रश्न ज्या राजाला पडला तो राजा निराळाच म्हटला पाहिजे.

हा प्रश्न किती बिकट होता, हे आजच्या पिढीस कळणे कठीण आहे. कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880 पासून चालू होते. विद्येचे मंदिर दाराशी होते, पण त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचणारी मुले मोजक्याच वर्गांतील. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला माधुकरी मागण्याची किंवा वार लावून जेवण्याची जुनी सोय तरी होती. हालअपेष्टा त्यालाही चुकल्या नव्हत्या, पण त्याला पोटभर घास घालणारी घरे शहरात होती. इतर जातींच्या मुलांस अशी रीत नव्हती आणि ओळखीचे घर नव्हते. अस्पृश्य मुलाला तर भाड्याचे पैसे खिशात असूनही जागा मिळणे मुश्किलीचे. परिणामी खेड्यातील हुशार मुलगा मराठी चार इयत्ता शिकून पुन्हा नांगरामागे जाई. 1894 साली दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 एकाच जातीचे होते, त्याचे एक मोठे कारण या बिऱ्हाडाच्या प्रश्नात दडलेले होते.

महाराजांनी प्रथम जो उपाय योजला तो सरळ होता. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण महाराजांनी जातवार वसतिगृहे काढून जातिभेद वाढविला, असा आक्षेप अजूनही कानी येतो. त्यांची पहिली इच्छा एकत्र वसतिगृहाचीच होती. परंतु पंक्तिभेदाचा तो काळ. व्यवस्था एका वर्गाच्या हाती राहिली आणि थोड्याच वर्षांत इतर जातींची मुले तेथून जवळजवळ नाहीशी झाली. दार सर्वांस उघडे आहे असे नियमात लिहिल्याने ते खरोखर उघडे राहतेच असे नाही, हा धडा महाराजांनी येथे घेतला.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक समाजातील जाणत्या माणसांनी पुढे यावे, मंडळी स्थापावी, वर्गणी गोळा करावी व आपापल्या मुलांची जबाबदारी घ्यावी. दरबार जागा देईल, इमारतीस साहाय्य करील व वार्षिक नेमणूक बांधून देईल, अशी ती योजना होती. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत पां. चि. पाटील हे होते. तेच पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. 1906 मध्ये मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी मंडळी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले आणि त्या मुलांसाठी बोर्डिंग उघडले. 1907 मध्ये वीरशैव लिंगायत समाजाचे, 1908 मध्ये नामदेव शिंपी समाजाचे व दैवज्ञ समाजाचे, 1915 मध्ये सारस्वत समाजाचे, अशी ही मालिका त्यांच्या अखेरपर्यंत वाढतच गेली. ज्या सारस्वतांत विद्या पूर्वीपासून होती त्यांच्या मुलांसही महाराजांनी वगळले नाही, हे विशेष होय.

या सर्वांत आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेले मिस क्लार्क वसतिगृह. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले. इतर समाजांत वर्गणी देणारे कोणी सावकार, कोणी इनामदार निघत. येथे तसे कोण निघणार? तेव्हा तो भार राजानेच उचलला. याच वसतिगृहाच्या उद्‌घाटनास जैन बोर्डिंगातील एक विद्यार्थी हजर राहिला, परत आल्यावर विटाळाची आंघोळ करण्याचे त्याने नाकारले आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. त्याच्याकडे आपण पुढे येणारच आहो.

डोक्यावर छप्पर आले, ताटात अन्न आले, तरी एक प्रश्न उरतोच, तो असा की शिकून करावयाचे काय? आपल्या जातीचा एकही मनुष्य हुद्द्यावर दिसत नसेल, तर बाप आपल्या मुलास कॉलेजात का धाडील? 1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांस एल्‌एल्‌. डी. ही सन्मानाची पदवी त्याच वेळी दिली. ते तेथे असतानाच 26 जुलै 1902 रोजी कोल्हापुरात त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानातील यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लायक उमेदवारांस द्याव्यात, असा त्याचा आशय. मागासलेल्या वर्गांस उच्च शिक्षणाची गोडी लागावी, हा हेतू त्या हुकुमातच सांगितला होता. वसतिगृह ही शिडीची पहिली पायरी आणि हा हुकूम ही शेवटची. मधल्या पायऱ्या नादारीच्या, शिष्यवृत्तीच्या व पुस्तकांच्या मदतीच्या. नुसती फी माफ केली पण राहण्याची सोय केली नाही, किंवा राहण्याची सोय केली पण पुढे वाव ठेवला नाही, तर शिडीची पायरी मध्येच निखळते. महाराजांच्या योजनेचे मर्म आम्हांस येथे दिसते.

मुलींनाही ते विसरले नाहीत. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांस वैद्यकीच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी विलायतेस पाठविले. 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा निघाला व पुढील वर्षापासून अंमलबजावणी सुरू झाली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवण्यात आला. पायाच्या शाळाच ओस असतील तर कॉलेजचा कळस कशावर चढवावा, असा हा रोकडा विचार होता.

याच सुमारास महाराजांवर आकाश कोसळले. जून 1918 मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी हे रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. घरात बालवधू सून इंदुमती विधवा झाली. त्या काळच्या मोठ्या घराण्यांत अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे आम्ही सांगावयास नको. महाराजांनी घरच्यांची नाराजी पत्करून सोनतळी येथे तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आणि पुत्राच्या नावाने 1920 मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग उभे राहिले. आपल्या दुःखाचे वसतिगृह करणारा असा बाप विरळा.

जातवार वसतिगृहे ही महाराजांची शेवटची इच्छा नव्हती, याचा पुरावाही याच वर्षांत मिळतो. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत त्यांस राजर्षी ही पदवी अर्पण झाली. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेस जाऊन त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, आणि त्याच वर्षी नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसविली. एका हाताने ते ज्ञातीच्या संस्थेस आधार देत होते, तर दुसऱ्या हाताने ज्ञाती-ज्ञातींमधील भिंत पाडीत होते. यात विसंगती पाहणाऱ्यांनी खुशाल पाहावी. आम्हांस त्यात क्रम दिसतो. नवख्या पोहणाऱ्यास कमरेला भोपळा बांधतात, तो जन्मभर बांधून ठेवण्यासाठी नव्हे.

6 मे 1922 रोजी मुंबईतील खेतवाडी येथे महाराजांचे निधन झाले. वय अवघे 47 वर्षांचे. परंतु बीज रुजलेले होते. जैन बोर्डिंग सोडावे लागलेल्या त्या विद्यार्थ्याने, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी, 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले, आणि 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग असे झाले. 1896 मध्ये जे कोल्हापुरात साधले नाही ते साताऱ्यात साधले, आणि त्याला नाव लागले ते शाहू महाराजांचेच. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवीत व श्रम करून शिकत.

आता थोडे आपल्या घरचे. आज महाराष्ट्र शासन 26 जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते, आणि शिक्षणशुल्काची एक शिष्यवृत्ती योजनाही महाराजांच्या नावाने चालते. फीचा भार पूर्वीपेक्षा पुष्कळ हलका झाला आहे. तरीही आमच्या हाताखालून गेलेला, गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा एक मुलगा शहरातील कॉलेजात प्रवेश मिळूनही दिवाळीपूर्वीच गावी परतला. त्याची फी माफ होती. खोलीचे भाडे व खानावळीचे बिल माफ नव्हते. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्याने प्रवेशासाठी आपल्या वसतिगृहाकडे विचारणा केली तेव्हा नियमावर बोट ठेवून त्यास नकार देण्यात आला, आणि त्या वर्षी तीन खोल्यांना कुलूप होते. त्या कार्यकारी मंडळात आम्हीही होतो. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही, ही गोष्ट येथे नमूद केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही असे वाटते.

येत्या वार्षिक सभेपुढे रिकाम्या खोल्यांचा प्रश्न आहे. त्या भाड्याने देऊन उत्पन्न वाढवावे असे कित्येकांचे मत आहे. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही, कारण इमारतीची दुरुस्ती खरोखरच थकली आहे. आमचे मत मात्र निराळे आहे. ज्ञातीच्या मुलामुलींस प्रथम जागा द्यावी; ती भरल्यावर उरलेल्या खोल्या कोणत्याही जातीच्या गरजू व होतकरू विद्यार्थ्यास द्याव्यात, आणि निदान एक मजला मुलींसाठी राखावा. दुरुस्तीसाठी आम्ही सर्वांनी वर्गणी द्यावी. आमचा वाटा आम्ही चिटणीसांकडे पोचता केला आहे. आपल्या पूर्वजांनी हे वसतिगृह बांधले तेव्हा आपल्या मुलांस कोणी जागा देत नव्हते. आज आपल्यापाशी जागा आहे आणि दाराशी दुसऱ्याचे मूल उभे आहे. कोल्हापूरच्या त्या राजाने अशा वेळी काय केले असते, हे सभेस येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती.