अंगणवाडीच्या ताईमागे उभी राहिलेली कर्ती शिक्षिका : ताराबाई मोडक

वीर (ता. महाड), प्रतिनिधी : कोकण रेल्वेच्या वीर स्थानकालगतच्या वस्त्यांपासून पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांपर्यंत लहान मुलांची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडी. ही कल्पना महाराष्ट्रात रुजविणाऱ्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी मुलांइतकाच त्यांना सांभाळणाऱ्या बाईचाही विचार केला. त्यांच्या कार्याचे मोठेपण त्यात आहे.

१९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संसार फार काळ टिकला नाही. मात्र त्या खचल्या नाहीत. १९२३ मध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. बालमंदिराच्या जोडीला अध्यापिका घडविण्याचे काम हवेच, असा त्यांचा आग्रह होता. बालशिक्षण म्हणजे केवळ मुले राखणे नव्हे, ती शिकून घेण्याची विद्या आहे, ही त्यांची धारणा होती.

शहरातील हे यश त्यांना पुरेसे वाटले नाही. वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य झाले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, म्हणून शिक्षिकाच वस्तीत जाऊन कोणाच्या तरी अंगणात वर्ग भरवू लागल्या. अंगणवाडी जन्मली ती अशी.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागत असल्याने मुली शाळेला मुकत. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे सारे चालविणाऱ्या बालसेविका तेथेच तयार होत. शिकायच्या आणि लगेच मुलांत काम करायच्या. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. पण ते काम करणारी सेविका मानधनावरच राहिली. पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणासाठी साहाय्य, गृहभेटी आणि त्यातून उरलेल्या वेळेत शिक्षण, असा तिचा दिवस असतो. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे स्पष्ट होण्यासाठी एप्रिल २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

ताराबाईंनी अंगण दिले, त्याचबरोबर त्या अंगणात उभी राहणारी बाई शिकवून तयार केली आणि तिच्या पाठीशी संस्था उभी केली. त्यांच्या वारशातील पहिला भाग समाजाने स्वीकारला. दुसऱ्या भागाचे ऋण मात्र अजून फिटावयाचे आहे.