जमिनीवरून खुर्चीवर

तीनशे वर्षांपूर्वी युरोपात दात काढायचा म्हणजे रुग्णाला बहुधा जमिनीवर बसवत. दात उपटणारा त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत घट्ट धरी आणि चिमटा चालवी. पॅरिसच्या पाँ नफ पुलावर तर याचा तमाशाच होई. तिथला धिप्पाड ‘ल ग्रां तोमा’ भर गर्दीत दात उपटत असे.

याच शहरात पिअर फोशार यांनी आपला व्यवसाय थाटला. त्यांचा जन्म १६७८च्या सुमाराचा. कोवळ्या वयातच ते फ्रेंच नौदलात शिरले. लांबच्या सफरीत खलाशांना ताजी फळे-भाजी मिळत नसे. स्कर्व्हीने हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलू लागत. जहाजावरचे शल्यवैद्य पोतलरे यांच्या हाताखाली त्यांनी हे आजार जवळून पाहिले. पुढे आंझे गावी काही वर्षे काम करून ते पॅरिसला आले.

१७२८ मध्ये त्यांचा ‘ल शिरुर्जियँ दांतिस्त’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, तोही लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंचमध्ये. त्या काळी प्रत्येक कारागीर आपली युक्ती झाकून ठेवी. फोशार यांनी आपली हत्यारे चित्रांसह छापली आणि भोंदूंच्या करामतीही उघड केल्या. भोंदूचाच साथीदार पातळ कातड्यात रक्त आणि दात गुंडाळून तोंडात लपवी, गर्दीतून कण्हत पुढे येई आणि दात ‘न दुखता’ निघे! फसलेले लोक मग खरी वेदना घेऊन त्याच्याकडेच जात.

मला स्वतःला या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते ती बैठकीची चर्चा. जमिनीवर बसवणे अशोभनीय आहे, त्याने रुग्ण बिचकतो आणि गरोदर स्त्रियांना तर ते अपायकारक ठरते, असे फोशार यांनी बजावले. त्याऐवजी हलणार नाही अशी भक्कम हातांची खुर्ची, पाठीला मऊ आधार आणि उंची रुग्णाच्या बेताने. घाबरलेला माणूस तोंड नीट उघडत नाही आणि कुठे दुखते तेही धड सांगत नाही. आजही दातांच्या डॉक्टरांकडे जाताना अनेकांची अवस्था हीच असते.

दातातल्या किड्यांवर तेव्हा सर्वांचा विश्वास होता. फोशार यांनी सूक्ष्मदर्शकातून शोध घेतला, पण किडा काही सापडला नाही. दात बिघडतात त्यात साखरेचा आणि गोडधोडाचा मोठा हात आहे, हे त्यांनी लिहून ठेवले. आपण मात्र अजूनही ‘दात किडला’ असेच म्हणतो.

त्यांचे सगळेच सल्ले घेण्यासारखे नव्हेत. दातदुखीवर स्वतःच्या ताज्या लघवीने चुळा भराव्यात, असेही ते सुचवत! १७४६ मध्ये ग्रंथाची सुधारित आवृत्ती आली. १७६१ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.