राजर्षी शाहू छत्रपती

सह्याद्रीच्या पायथ्याशी, पंचगंगेच्या काठी कोल्हापूर नगरी वसलेली आहे. इंग्रजांच्या अमदानीत ही करवीर संस्थानाची राजधानी होती. हिंदुस्थानातील कित्येक संस्थाने करवीरपेक्षा विस्ताराने मोठी आणि धनाने संपन्न होती. त्यांच्या अधिपतींची नावे आज फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. करवीरच्या शाहू महाराजांचे नाव मात्र महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आजही आदराने घेतले जाते. त्यांनी कोणताही मुलूख जिंकला नाही. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या लोकांसाठी त्यांनी राज्याची दारे उघडली, आणि त्यासाठी राजसत्तेचा उपयोग केला.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव हे कागलचे अधिपती होते. आईचे नाव राधाबाई. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज ह्यांच्या निधनानंतर गादीला वारस उरला नव्हता. तेव्हा राणी आनंदीबाई ह्यांनी १७ मार्च १८८४ रोजी ह्या दहा वर्षांच्याही आतील बालकास दत्तक घेतले, व त्याचे नाव शाहू ठेवले. पुढे राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाड येथे फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. शरीराने ते धिप्पाड होते. कुस्ती, शिकार व घोडदौड ह्यांची त्यांना मनस्वी आवड होती. पण त्याहूनही, साध्यासुध्या माणसांत मिसळून त्यांचे सुखदुःख ऐकण्याची त्यांची आवड मोठी होती.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. कारभाराची पाहणी करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दरबारात अधिकाऱ्यांच्या ७१ जागा होत्या. त्यांपैकी ६० जागांवर एकट्या ब्राह्मण समाजातील माणसे होती. उरलेल्या साऱ्या जातिधर्मांच्या वाट्याला अवघ्या ११ जागा आल्या होत्या. वास्तविक प्रजेत शेतकरी, कारागीर व कष्टकरी ह्यांचीच संख्या मोठी. तेच कर भरत, तेच धान्य पिकवीत. पण ज्या कचेरीत त्यांच्या शेतसाऱ्याचा आणि तंट्याचा निर्णय होई, तेथे त्यांच्यापैकी कोणी नसे.

असे का व्हावे, ह्याचा महाराजांनी विचार केला. कारण उघड होते. ज्या समाजात लिहिण्यावाचण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली होती, त्यातील मुले सहज शाळेत जात आणि परीक्षा उत्तीर्ण होत. शेतकऱ्याच्या मुलाला शाळाच ठाऊक नव्हती. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला तर शाळेची पायरीही चढू दिली जात नसे. ह्यावर उपाय म्हणून महाराजांनी प्रथम एक वसतिगृह काढले. १८९६ साली निघालेले हे वसतिगृह सर्व जातींच्या मुलांसाठी खुले होते. परंतु थोड्याच काळात अनुभव निराळा आला. ज्यांच्या घरी विद्या होती, त्यांचीच मुले तेथे दाखल झाली. इतरांची मुले आलीच नाहीत. दार सर्वांसाठी उघडे ठेवले, तरी जो दूर राहिला आहे, ज्याच्या पायांत बळ नाही आणि मनात भीती आहे, तो दारापर्यंत पोहोचतच नाही, हा धडा महाराजांना ह्या प्रसंगातून मिळाला.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक समाजाला आपले वाटेल असे स्वतंत्र वसतिगृह काढण्यास त्यांनी उत्तेजन दिले. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे आणि जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. लिंगायत, शिंपी, सोनार, सुतार अशा अनेक समाजांची मुले कोल्हापुरात येऊन राहू लागली. महाराजांनी ह्या वसतिगृहांना जागा दिल्या, इमारतींस साहाय्य केले आणि वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. पुढे अशा वसतिगृहांची संख्या सुमारे वीसपर्यंत गेली. खांद्यावर घोंगडी टाकून, भाकरीचे गाठोडे बांधून आलेला खेड्यातील मुलगा ह्या वसतिगृहांत राहून शिकला आणि पुढे शिक्षक, वकील, अधिकारी झाला.

ह्याच सुमारास महाराजांच्या स्वतःच्या आयुष्यात एक कटू प्रसंग घडला. १८९९ साली कार्तिक महिन्यात ते पंचगंगेवर स्नानास जात. त्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतात, असे उघडकीस आले. राजाची जात वेदमंत्र ऐकण्याच्या योग्यतेची नाही, असा त्या पुरोहिताचा दावा होता. ह्यावरून मोठा वाद माजला व तो काही वर्षे चालला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषालाही जर जन्मावरून हीन लेखले जाते, तर ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जातो, त्या माणसाची अवस्था काय असेल! स्वतःला झालेल्या ह्या अपमानामुळे इतरांच्या दुःखाची जाणीव महाराजांच्या अंतःकरणात अधिकच खोल रुजली.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले. ते तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारचा एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांसाठी राखून ठेवाव्यात, अशी आज्ञा त्यात होती. आज्ञेचे पालन होते की नाही, हे कळावे म्हणून खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचे पत्रक सरकारकडे पाठवावे, असेही त्यात बजावले होते. केवळ सदिच्छा व्यक्त करून महाराज थांबले नाहीत. सदिच्छा अमलात येण्याची व्यवस्थाही त्यांनी केली. हिंदुस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवण्याची जी धोरणे पुढे आखली गेली, त्यांत करवीरच्या ह्या आज्ञेला आरंभीचे आणि मानाचे स्थान आहे.

ह्या आज्ञेवर टीकेची झोड उठली. वृत्तपत्रांतून लेख आले. नोकरी केवळ गुणांवर द्यावी, जात पाहू नये, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. ह्या आक्षेपाला महाराजांनी कसे उत्तर दिले, ह्याची एक आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. सांगलीचे एक नामांकित वकील महाराजांशी ह्या विषयावर वाद घालीत होते. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधला होता. महाराजांनी ते सारे तोबरे सोडविले आणि हरभरे एकाच जाजमावर ओतविले. मग घोडे मोकळे सोडण्यात आले. दांडगे घोडे पुढे घुसले आणि त्यांनी सारी चंदी फस्त केली. अशक्त व लहान घोडी लाथांच्या भयाने मागेच उभी राहिली. ज्याच्या त्याच्या तोंडाला तोबरा का बांधावा लागतो, हे वकिलांना निराळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ही आठवण अक्षरशः घडली असो वा नसो, महाराजांच्या धोरणामागील विचार तीत स्वच्छ उमटला आहे.

ह्या धोरणाला हळूहळू फळ आले. १९१२ साली दरबारातील ९५ अधिकाऱ्यांपैकी ६० अधिकारी ब्राह्मणेतर समाजांतील होते. अठरा वर्षांत कारभाराचे रूप पालटले. कोणाही एका जातीचा द्वेष करणे हा महाराजांचा हेतू नव्हता. अनेक ब्राह्मण विद्वान व अधिकारी त्यांच्या विश्वासातील होते. राज्य सर्वांचे आहे आणि त्याचा वाटाही सर्वांना मिळाला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

वरच्या जागा राखून ठेवल्या, तरी खाली शिक्षणाचा पाया नसेल तर त्या भरावयाच्या कोणी? म्हणून १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला. जे पालक मुलांना शाळेत पाठविणार नाहीत, त्यांना दरमहा एक रुपया दंड ठरविण्यात आला. ज्या काळी गरीब घरात एक रुपया ही मोठी रक्कम होती, त्या काळी हा कायदा पुष्कळांना कठोर वाटला असेल. पण गुरांमागे जाणारा मुलगा पाटी हाती धरील, तरच त्याच्या घराण्याचे दैन्य संपेल, अशी महाराजांची खात्री होती.

ह्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी एकामागून एक कायदे केले. त्या काळी महार समाजाला वतन म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाला गावाची व सरकारची हरकामे रात्रंदिवस करावी लागत. १९१८ साली महाराजांनी ही वतने रद्द करून जमिनी त्यांच्या नावे करून दिल्या. काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. त्यांतील माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. ती हजेरी त्यांनी बंद केली आणि ज्यांना लोक चोर समजत, त्यांनाच पहारेकरी नेमले. १९२० साली वेठबिगारीची चाल त्यांनी कायद्याने मोडली.

१९१९ साली त्यांनी काढलेल्या आज्ञा तर फारच धाडसाच्या होत्या. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा व कचेऱ्या ह्यांत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असे त्यांनी फर्माविले. ज्या सरकारी नोकरांना ही समता मान्य नसेल, त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही, अशीही ताकीद होती. अस्पृश्यांसाठी असलेल्या निराळ्या शाळा त्यांनी बंद केल्या, आणि त्या मुलांना इतर मुलांच्या शेजारी बसविले.

परंतु हुकमाने विहीर खुली होते, माणसाचे मन त्याच क्षणी खुले होत नाही, हे महाराज जाणून होते. गंगाराम कांबळे ह्यांची हकीकत ह्या बाबतीत फार बोलकी आहे. गंगाराम हे राजवाड्याच्या पागेत चाकरीस होते. महाराज दिल्लीस गेले असता, स्पृश्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून काही नोकरांनी त्यांना अमानुष मारहाण केली. महाराज परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे गेले आणि त्यांनी पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांचा संताप अनावर झाला. अपराध्यांना त्यांनी कडक शासन केले. मात्र एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. गंगाराम ह्यांनी कोणाची चाकरी न करता स्वतंत्र धंदा करावा, म्हणून त्यांनी त्यांस पैशांचे साहाय्य केले. गंगाराम ह्यांनी कोल्हापुरातील भर रस्त्यावर चहाचे दुकान थाटले.

दुकान उघडले, पण त्यांच्या हातचा चहा पिण्यास सवर्णांपैकी कोणी येईना. लोक दुरून पाहत आणि निघून जात. ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली. मग फिरावयास निघाले म्हणजे ते आपली गाडी नेमकी त्या दुकानासमोर थांबवीत. मोठ्याने हाक मारून चहा मागवीत. स्वतः पीत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींनी दिलेला चहा नाकारणार कोण? ज्यांनी आयुष्यभर विटाळ मानला, त्यांच्याही ओठी तो पेला लागला. हळूहळू इतर लोकांची भीड मोडली. जे काम जाहीरनाम्याला साधले नसते, ते राजाच्या आचरणाने साधले.

ज्यांच्यासाठी हे प्रयत्न चालले होते, त्यांच्यातूनच त्यांचा नेता पुढे यावा, अशी महाराजांची इच्छा होती. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी 'मूकनायक' हे पत्र काढले, तेव्हा महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षी २१ व २२ मार्च रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान तरुण आंबेडकरांनी भूषविले होते. महाराज त्या परिषदेस स्वतः आले, आणि तुम्हांला तुमचा खरा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी तेथील जनसमुदायाला आनंदित केले. आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती मशाल सोपविण्याचे औदार्य फार थोड्या राजांना साधते.

ह्यानंतर महाराजांना फार काळ आयुष्य लाभले नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९१९ साली कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या सभेने त्यांना 'राजर्षी' ही पदवी दिली होती. लोकांनी त्यांच्या नावामागे ती कायमची जोडली.

महाराजांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, स्वतंत्र भारताचे संविधान अमलात आले. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे त्यात जाहीर केले आहे. आणि मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. त्या संविधानाचे शिल्पकार डॉ. आंबेडकर होते. जे करवीरच्या एका लहान राज्यात सुरू झाले होते, ते साऱ्या देशाच्या कायद्यात आले. महाराष्ट्र शासन २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा करते.

कायदा वाट मोकळी करून देतो. त्या वाटेने चालणाऱ्याचा हात धरण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते. शाहू महाराजांनी ही दोन्ही कामे केली. वर्गात एकटा बसलेल्या मुलाच्या शेजारी जो आपणहून जाऊन बसतो, तो मुलगा न कळत त्याच वाटेने चालत असतो. पंचगंगेच्या काठी त्या राजाने ती वाट पाडली. ती पुढे नेण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.