विश्लेषण : कोकणच्या चुलीला शेणामैल्याचा गॅस… अप्पासाहेब पटवर्धन यांनी काय घडवले? त्या कामात आज रोजगार आहे का?

कमी कार्बनच्या उष्णतेचा उद्योग म्हटला की युरोपातील हीट पंप किंवा शहरातल्या गच्चीवरचे सौर बंब डोळ्यांपुढे येतात. पण सिंधुदुर्गात या उद्योगाची सुरुवात गोठ्यातून आणि संडासातून झाली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ती करणारे गृहस्थ होते सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). आरोंद्यापासून देवगडपर्यंत अनेक घरांत गोबर गॅस हा शब्द आज सहज बोलला जातो. या विषयात काम शोधणाऱ्या तरुणांनी अप्पांचे चरित्र का वाचावे, याचा हा आढावा.

अप्पासाहेब पटवर्धन कोण होते?

अप्पांचा जन्म १८९४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात झाला. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा नव्हता. तो १९८१ मध्ये झाला. अप्पांनी उच्च शिक्षण घेतले, काही काळ महाविद्यालयात शिकवले. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातल्या हुशार मुलासाठी पुढचा रस्ता ठरलेला होता. पुण्यामुंबईत राहायचे, प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची आणि वर्षातून एकदा गणपतीला गावी यायचे. अप्पांनी तो रस्ता सोडला. ते महात्मा गांधींच्या कामात ओढले गेले आणि कोकणात परतले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच आहे. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

१९३० मध्ये आरोंद्याच्या शेजारी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीच्या कार्यकर्त्यांत अप्पा होते. मात्र मोर्चे आणि तुरुंगवास एवढ्यावर त्यांचे आयुष्य थांबले नाही. ज्या कामाला समाज हात लावत नाही, तेच काम त्यांनी आयुष्यभरासाठी निवडले.

तुरुंगात काय घडले?

१९३२ मध्ये अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातली संडास सफाई विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतली जाई. अप्पांनी ते काम स्वतःला मागितले. उच्च जातीच्या कैद्याला हे काम देता येत नाही, असे सांगून तुरुंगाधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पांनी आपले अन्न घटवून निषेध सुरू केला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली. त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी अप्पांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारने विषय तपासण्याचे आश्वासन दिल्यावर तो थांबला.

पुणे करार होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. अस्पृश्यतेवर देशभर बोलणे सुरू होते. अप्पांची मागणी मात्र बोलण्याची नव्हती, झाडू आणि बादली हातात घेण्याची होती. घाण काम एका जातीच्या माथी मारायचे आणि त्याच कारणाने तिला दूर ठेवायचे, हे चक्र तोडायचे तर ते काम इतरांनी उचलले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

गोपुरीत त्यांनी काय उभारले?

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू केला. तेथे मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे आणि कमावण्याचे काम चाले, शेती चाले आणि संडासांचे प्रयोगही चालत. सवर्ण कार्यकर्ते ही कामे स्वतःच्या हातांनी करत. गावात त्यावर नाके मुरडली जात. अशा कामाला हात लावणाऱ्याच्या घरी पाणी प्यावे की नाही, हा प्रश्न त्या काळी खराखुरा होता.

काम करता करता अप्पांच्या विचारात एक पाऊल पुढे पडले. सवर्णाने मैला उचलला म्हणून मैला उचलणे संपत नाही. फक्त हात बदलतो. मग संडासच असा बांधला पाहिजे की कोणालाच मैल्याला हात लावावा लागू नये. त्यांनी खेड्यात परवडतील असे साधे संडास तयार केले. मैला मातीआड कुजवून त्याचे सोनखत करण्याच्या पद्धती बसवल्या. समाजसुधारणेचा प्रश्न अशा रीतीने बांधकामाचा आणि तंत्राचा प्रश्न झाला.

यापुढची पायरी गॅसची होती. मैला आणि शेण बंद टाकीत कुजवले तर खत मिळतेच, शिवाय जळणारा वायूही मिळतो. १९५० च्या दशकात गोपुरीत अप्पांनी संडासाला जोडलेला गॅस प्रकल्प उभा केला.

ही कल्पना अगदी नवी होती का?

नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस तयार करून तो दिव्यांसाठी वापरला गेला होता. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणाचे प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपाचा ग्रामलक्ष्मी हा आराखडा दिला. पुढे तोच खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेला.

अप्पांचे वेगळेपण असे, की त्यांनी गॅसचा विचार इंधनापासून सुरू केला नाही. त्यांच्यासाठी आधी माणूस होता, मग संडास, मग खत आणि शेवटी चुलीवरची निळी ज्योत.

टाकीत नेमके काय होते?

शेण आणि पाणी समान प्रमाणात कालवून टाकीत सोडतात. हवा नसलेल्या जागी जिवाणू हा काला कुजवतात. साधारण ३० ते ५० दिवसांच्या मुक्कामात गॅस सुटतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. टाकीतले तापमान ३५ अंशांच्या आसपास असले तर जिवाणू जोमाने काम करतात. थंडीत गॅस कमी होतो. कोकणची उबदार हवा म्हणूनच या कामाला सोयीची आहे.

हिशेब असा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. एका माणसाच्या स्वयंपाकाला दिवसाला साधारण पाव घनमीटर गॅस लागतो. पाच माणसांच्या घराला सव्वा घनमीटर, म्हणजे रोज ३० किलोच्या आसपास शेण हवे. एक घनमीटर गॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. म्हणजे असे घर महिन्याला एका घरगुती सिलिंडरहून थोडे जास्त इंधन गोठ्यातून काढू शकते. टाकीतून बाहेर येणारी स्लरी माड, सुपारी आणि भाजीला घालता येते. एरवी हेच शेण गोवऱ्या होऊन चुलीत किंवा भाजावळीत जळून जाते.

माणसाच्या मैल्याचा हिशेब लहान आहे. एका माणसामागे दिवसाला साधारण ३० लिटर गॅस. शंभर मुलांच्या वसतिगृहातून तीन घनमीटर मिळेल. त्यात बाराएक जणांचा स्वयंपाक होईल. त्यामुळे अशा प्रकल्पाला शेण किंवा खरकट्याची जोड लागते. गॅसचा मोबदला थोडा असला तरी स्वच्छतेचा मोठा आहे.

अप्पांनंतर काम कुठे गेले?

पुण्याजवळच्या देहू गावात १९६० च्या सुमारास डॉ. एस. व्ही. मापुसकर वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. उघड्यावरच्या शौचामुळे होणारे आजार केवळ औषधांनी थांबत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. संडासाच्या कामात त्यांना अप्पांच्या प्रयोगांचा आधार मिळाला. पुढे त्यांनी मैल्यावर चालणारा मलप्रभा हा सुधारित गॅस प्रकल्प विकसित केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अप्पांचे निधन १९७१ मध्ये झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८१–८२ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय गोबर गॅस विकास कार्यक्रम सुरू झाला. लोखंडी टोपाऐवजी विटांच्या घुमटाचे जनता आणि दीनबंधू हे आराखडे आले. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, त्यामुळे किनारपट्टीला घुमटाची टाकी मानवली. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी हे काम घरोघरी नेले.

अडचणी कोणत्या?

गोठे रिकामे होत आहेत. तरुण मुंबई-गोव्याला गेले की घरी म्हातारी माणसे राहतात आणि रोज ३० किलो शेण कालवणे त्यांना झेपत नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर गावोगाव पोहोचला. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, टाकीवर दाब येतो. जागा चुकली तर बांधकामाला तडा जातो. अनेक प्रकल्प बंद पडतात ते मोठ्या दोषामुळे नव्हे, तर पाइपात साठलेले पाणी, गळकी झडप किंवा घट्ट झालेला काला दुरुस्त करणारा माणूस न मिळाल्यामुळे.

गळती ही केवळ नुकसानीची बाब नाही. जळालेला मिथेन कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो चाऱ्यातूनच आलेला असतो. न जळता हवेत सुटलेला मिथेन मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापमान वाढवतो. गळकी टाकी कमी कार्बनची राहत नाही. म्हणून या धंद्यात बांधणाऱ्याइतकाच दुरुस्ती करणारा महत्त्वाचा.

मग यात करिअर कसे घडेल?

पहिला मार्ग गवंड्याचा. घुमट हवाबंद बांधणे हे वेगळे कसब आहे. ते शिकलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली काही टाक्या बांधूनच येते. दुसरा मार्ग आयटीआयचा. प्लंबर किंवा वेल्डरचे शिक्षण घेतलेल्याला पाइप, झडपा आणि शेगड्यांची कामे मिळू शकतात. हरित रोजगारांसाठी २०१५ पासून स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. तिसरा मार्ग वार्षिक देखभालीचा. एका पंचक्रोशीतल्या टाक्या ठरावीक शुल्कावर तपासत राहणे, हा कमी भांडवलाचा धंदा होऊ शकतो.

गॅसच्या पलीकडेही उष्णतेची कामे आहेत. काजू बी वाफवायला बॉयलर लागतो आणि काजूचे टरफल हेच त्याचे जळण होऊ शकते. तो कमी धुरात चालवणारा कुशल माणूस कारखान्याला हवा असतो. आरोंद्याच्या खाडीपलीकडे पेडणे तालुका आहे. तिथल्या हॉटेलांना रोज गरम पाणी लागते. सौर बंब आणि हीट पंप बसवणे, त्यात साचलेले क्षार काढणे ही कामे दोन्ही तीरांवर करता येतात. आपल्याकडे घर तापवावे लागत नाही. उष्णता लागते ती चुलीला, न्हाणीला आणि कारखान्याला.

सुरक्षेचा नियम काय?

चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या टाकीत कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असू शकतो. माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. हाताने मैला उपसण्यावर १९९३ च्या आणि २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही देशात गटारे आणि सेप्टिक टाक्यांत माणसे मरतात आणि त्यांतले बहुसंख्य त्याच जातींतले असतात, ज्यांच्यासाठी अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात अडून बसले होते.

त्यामुळे या व्यवसायात येणाऱ्याने आराखडा हाती घेतल्यावर गॅस किती मिळेल याआधी एक गोष्ट पाहावी : ही टाकी साफ करायला कोणाला आत उतरावे लागेल का? उत्तर होय असेल तर आराखडा बदलावा. अप्पांनी गोपुरीत संडास बांधताना हीच कसोटी लावली होती.