फादर स्टीफन्स आणि आपला ‘ळ’



‘वेळ’ लिहायचे तेथे ‘वेल’ आणि ‘मूळ’ लिहायचे तेथे ‘मूल’, असे तुमच्या वह्यांत आम्हाला पुष्कळदा दिसते. घरच्या वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि हिंदीच्या पुस्तकात ‘ळ’ भेटत नाही. आमचेही शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे ही अडचण आम्ही जाणतो. म्हणून या अंकात एका परदेशी मराठी कवीचा परिचय करून देत आहोत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढची सुमारे ४० वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये निधन होईपर्यंत, त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी भागात घालविली. तेथे ते मराठी व कोकणी शिकले. आपल्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे त्यांनी १५८३ मध्येच भावाला पत्रातून कळविले होते.

१६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. ग्रंथ मराठीतला, पण छपाई रोमन लिपीत झाली. देवनागरी छपाईची त्यांना फार इच्छा होती. परंतु रोमनला २४ साचे पुरत, तर येथील लिपीला सुमारे ६०० लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात मांडली होती.

आता रोमन लिपीत ‘ळ’ कसा लिहावा? इंग्रजीत तर हा ध्वनीच नाही. या लेखनपद्धतीत ‘ल’ साठी एक एल आणि ‘ळ’ साठी दोन एल लिहीत. ट, ड, ण यांसाठीही अक्षर असेच दोनदा लिहीत. त्यामुळे ‘वेळ’ आणि ‘वेल’ वेगळे राहिले. ब्रिटनमधील वेल्श भाषेतही, जीभ ‘ल’ च्या जागी ठेवून नुसती हवा सोडल्याने होणारा ध्वनी दोन एलनीच लिहितात. आजच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत या दोन्ही ध्वनींना स्वतंत्र चिन्हे आहेत: ‘ळ’ साठी खाली शेपटी वळविलेला एल, वेल्श ध्वनीसाठी मधोमध वेढा असलेला एल.

मित्रांनो, स्टीफन्स यांना ‘ळ’ साठी वेगळी सोय करावी लागली. आपल्याला तर अक्षर तयार मिळाले आहे. घरी ‘डोया’ म्हणण्यात कमीपणा नाही, ती आपली बोली आहे. मात्र लिहिताना ‘डोळा’ लिहा. पालकांनी रोज पाच ओळी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत वाचनालयात आणावी, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे.