लॉर्ड बेडन-पॉवेल आणि मुलांचा तळ

सुट्टीच्या दिवसांत मंडळींतील मुलें शिबिरास निघालीं म्हणजे आईबापांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष मुलास उंबरठ्याबाहेर पाठवीतच नाहीं. दुसरा पक्ष घोंगडी व चार पैसे देऊन निरोप देतो. पण नदी, विस्तव व अंधार ह्यांशीं कसें वागावें हें मुलास ठाऊक आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी करीत नाहीं. ज्या गृहस्थानें ह्या एका प्रश्नांत आपलें उत्तरवय घातलें, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म लंडन शहरीं २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं झाला. वडील चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक असून ऑक्सफर्ड येथें भूमितीचे प्राध्यापक होते. ते १८६० सालीं वारले, तेव्हां रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा होता. घरांत लेकरें पुष्कळ. विधवा आई हेन्रिएटा ग्रेस हिनें मुलांस पदराखालीं झांकून ठेविलें नाहीं. सुट्टी लागली कीं वडील बंधु वॉरिंग्टन धाकट्यांस होडींतून नेई. त्याची शिस्त कडक होती, आणि ज्याला जें काम नेमून दिलें तें त्यानें केलेंच पाहिजे असा नेम होता.

१८७० सालीं रॉबर्ट चार्टरहाउस शाळेंत गेला. दोन वर्षांनीं ती शाळा लंडनहून गोडाल्मिंग येथें हालविण्यांत आली. शेजारीं रान होतें, व त्यांत जाण्याची मुलांस मनाई होती. रॉबर्ट तेथें चोरून जाई, सांपळा लावून ससा धरी आणि धूर दिसूं नये म्हणून अगदीं लहान, कोरड्या काटक्यांच्या विस्तवावर तो शिजवी. नियम मोडणें आम्ही चांगलें म्हणत नाहीं. उपदेशकांनीं हा भाग मुलांस वाचून दाखवितांना जरा जपावें! तथापि पुढें त्यांनीं जें जगास शिकविलें त्याचा पहिला धडा त्या रानांतच झाला.

१८७६ सालीं ते लष्करांत शिरून लखनौस आले. पुढें मीरतेस असतां त्यांनीं शिपायांच्या लहान लहान तुकड्या करून त्यांस वाट काढणें, माग ओळखणें व एकट्यानें रात्र काढणें हें शिकविलें. शिपाई हुकुमावांचून पाऊल उचलीत नाहींत व एकटे पडले कीं गोंधळतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

दक्षिण आफ्रिकेंत मॅफेकिंग गांवास बोअर लोकांनीं १८९९ च्या ऑक्टोबरांत वेढा घातला. तो २१७ दिवस चालून १७ मे १९०० रोजीं उठला. बेडन-पॉवेल तेथील सेनापति होते. त्या वेढ्यांत लहान मुलांचें एक पथक निरोप पोंचविण्याचें काम करी, आणि मुलांवर खरी जबाबदारी टाकिली तर तीं ती पार पाडतात असें त्यांस दिसून आलें. इंग्लंडांत त्यांची मोठी वाहवा झाली. पण त्याच गांवांत काळ्या आफ्रिकन लोकांच्या वाट्यास गोऱ्यांहून कमी अन्न आलें व कित्येक भुकेनें मेले. त्यांत साहेबांचा दोष किती, ह्याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं. आम्हांस तरी ती गोष्ट वाचून वाईट वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

१९०३ सालीं स्वदेशीं परततांच आपण शिपायांसाठीं लिहिलेलें पुस्तक शाळामास्तर मुलांस शिकवीत आहेत, हें त्यांनीं पाहिलें. बॉईज ब्रिगेडचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनीं तेंच मुलांकरितां नव्यानें लिहिण्याची त्यांस सूचना केली. परंतु साहेब लिहिण्यापूर्वीं करून पाहणारे होते.

१९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या दक्षिणेस पूल बंदरांतील ब्राउनसी नांवाच्या बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांसह तंबू ठोकिले. निम्मीं मुलें श्रीमंतांच्या शाळांतलीं, तर निम्मीं कामकऱ्यांच्या घरचीं. श्रीमंतांच्या मुलांस एक पौंड व इतरांस साडेतीन शिलिंग फी होती. सर्वांस मिसळून लांडगे, बैल व दोन पक्ष्यांच्या नांवांच्या अशा चार तुकड्या केल्या, आणि प्रत्येकीवर एक मुलगाच नायक नेमिला. चांगल्या वागणुकीबद्दल त्या नायकासच जबाबदार धरीत. पहिले दिवस गांठी मारणें, झोंपडी व चटई करणें, चूल पेटविणें, स्वयंपाक, स्वच्छता, वाट शोधणें व होडी हांकणें ह्यांत गेले. पुढें निरीक्षण, आणि बुडत्यास व भाजलेल्यास कसें वांचवावें हेंही आलें. सकाळीं प्रार्थना होई, दुपारीं सक्तीची विश्रांति असे, व रात्रीं शेकोटीभोवतीं गोष्टी.

आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती रात्रपाळी. दररोज एक तुकडी तळ सोडून दूर नेमलेल्या जागीं जाई. प्रत्येक मुलाजवळ डगला, कांबळें, भांडें व आगपेटी. बरोबर पीठ, मांस, बटाटे व चहा असा कच्चा शिधा. आपली चूल आपण पेटवावयाची, आपलें अन्न आपण शिजवावयाचें, पहारा आपण ठेवावयाचा. आमच्या खेड्यांतील गुराख्याच्या पोरास ह्यांत नवल वाटणार नाहीं. तीन दगडांची चूल तो डोळे मिटून मांडील. पण त्या मुलांपैकीं कित्येकांनीं तोंवर आगकाडीही ओढिली नसेल. साहेब स्वतः रात्रीं अंधारांतून सरपटत येऊन पहारेकरी जागे आहेत कीं नाहींत हें पाहत. म्हणजे मुलें एकटीं होतीं, पण टाकिलेलीं नव्हतीं.

१९०८ सालीं त्यांचें मुलांसाठींचें पुस्तक सहा भागांत निघालें. विस्तव करण्यापूर्वीं भोंवतालचें गवत काढावें. मुलें पोहत असतां दोन पट्टीचे पोहणारे मदतीस सज्ज ठेवावे. तळ सोडतांना मागें केरकचरा ठेवूं नये. असे बारीकसारीक नियम त्यांत आहेत. पुस्तक हातोहात खपलें व गांवोगांवीं मुलें आपण होऊन तुकड्या करूं लागलीं. पुढच्याच वर्षीं मुलींनींही आपला हक्क सांगितला.

चार वर्षांतच एक मोठा घाला आला. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ ह्या गरीब वस्तींतील बालवीर होडीनें लेझडाउन येथें तळ देण्यास जात असतां, किनारा जवळ आला असतां एकाएकीं वावटळ सुटली व होडी उलटली. बरोबर जाणतीं माणसें होतीं, तरी नऊ मुलें बुडालीं. त्यांचे देह आरमाराच्या जहाजानें लंडनास आणिले. बुडालेल्या मुलाच्या घरीं पाळक ह्या नात्यानें जाऊन बसण्याचा प्रसंग आम्हांवर एकदां आला आहे. तेथें तयारीच्या गोष्टी तोंडांतून निघत नाहींत. कितीही शिकविलें तरी वारा आपल्या हातीं नाहीं. ही चळवळ मात्र थांबली नाहीं, व पाणीही मुलांस वर्ज्य झालें नाहीं. मुलांस होडी सुरक्षित कशी चालवावी हें शिकविणारें वॉरिंग्टनचें पुस्तक त्याच वर्षीं छापलें गेलें.

मुलांस शिकविणाऱ्यांसच पुष्कळदां तंबूंत राहतां येत नाहीं. म्हणून १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल पार्क येथें मोठ्या माणसांची शाळा निघाली. तेथें मास्तरांसच तुकड्यांत वांटून, तंबूंत निजवून शिकवीत. आमच्या शिक्षक बंधूंनीं हें ध्यानांत घ्यावें.

हिंदुस्थानांत आरंभीं हिंदी मुलांस ह्या चळवळींत घेत नसत. म्हणून १९१७ सालीं अॅनी बेझंट बाईंनीं, व पुढच्या वर्षीं पंडित मालवीय आदिकरून मंडळींनीं निराळ्या संस्था काढिल्या. १९२१ सालीं साहेब येथें आले, तेव्हां बेझंट बाईंची संस्था मूळ संस्थेस मिळाली. मालवीयांची मिळाली नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकत्र संस्था झाली.

१९२९ सालीं त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. अखेरचे दिवस त्यांनीं पत्नी ऑलेव्ह यांच्यासह पूर्व आफ्रिकेंत केनिया देशीं न्येरी येथें घालविले व ८ जानेवारी १९४१ रोजीं तेथेंच देह ठेविला. त्यांच्या थडग्याच्या शिळेवर एक वर्तुळ व मध्यें टिंब कोरिलें आहे. बालवीर वाटेवर ही खूण काढितात, तेव्हां मागून येणाऱ्यास कळतें कीं पुढचा गडी घरीं गेला.