डॉ. प्रिसिला व्हाइट : आई आणि बाळ, दोघांची डॉक्टर

डीमनमध्ये एखाद्या बाईला दिवस गेले, की ती बहुतेक वेळा आधी सुईणीकडे तपासायला जाते. पण तिला मधुमेह असेल आणि ती इन्सुलिन घेत असेल, तर तिची तपासणी हॉस्पिटलमध्ये होते. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, मधुमेहाचे डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ मिळून तिची काळजी घेतात. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अशा बाईला अनेक डॉक्टर सांगायचे, की तुम्ही मूल होऊ देऊ नका. हे बदलावं म्हणून पन्नास वर्षं काम केलेल्या एका डॉक्टरची माहिती आता वाचा.

प्रिसिला व्हाइट यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाला. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. बॉस्टनच्या प्रसिद्ध हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. तो १९४५ मध्ये मिळू लागला. म्हणून त्या टफ्ट्स विद्यापीठात शिकल्या आणि वर्गात तिसऱ्या आल्या. १९२४ मध्ये त्या मधुमेहाचे मोठे डॉक्टर इलियट जॉसलिन यांच्याकडे काम करू लागल्या.

तेव्हा इन्सुलिन नवीनच होतं. १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरात ते पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं. नेदरलँड्समध्येही १९२३ साली ओस शहरात इन्सुलिन बनवणारी कंपनी सुरू झाली. कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून ते काढलं जाई.

इन्सुलिनमुळे मधुमेही मुली जगू लागल्या, मोठ्या झाल्या. त्यांना आई व्हायचं होतं. आईचा जीव आता वाचत होता, पण बाळांचं काय? १९२४ मध्ये जॉसलिन यांच्या दवाखान्यात अशा १०० बाळांपैकी फक्त ५४ वाचत होती.

असं का होतं, ते समजून घ्या. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. साखर जास्त आली, की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं. मग बाळ फार मोठं होतं. जन्मानंतर आईकडून येणारी साखर थांबते आणि बाळाची साखर एकदम खाली जाते.

शिवाय आईची इन्सुलिनची गरज सारखी बदलते. सुरुवातीच्या महिन्यांत साखर अचानक खाली जाऊ शकते. पुढे इन्सुलिन वाढवावं लागतं, कधीकधी दुप्पट किंवा त्याहून जास्त. बाळंतपण झालं, की ते लगेच कमी करावं लागतं. म्हणजे आज बरोबर असलेला डोस पुढच्या महिन्यात चुकीचा ठरू शकतो!

तेव्हा घरी रक्त तपासायचं यंत्र नव्हतं. लघवीत निळं औषध घालून ते उकळायचं. रंग हिरवा, पिवळा की विटकरी झाला, त्यावरून साखरेचा अंदाज यायचा. काचेची सिरिंजही उकळून घ्यावी लागे. हे सगळं आईला रोज करावं लागे. डॉ. व्हाइट तिचा आहार आणि डोस ठरवायच्या, तिला वारंवार बोलवायच्या. शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याची भीती असे, म्हणून त्या बाळंतपण थोडं लवकर करायच्या. १९४९ मध्ये त्यांनी अशा आयांचे गट पाडले. मधुमेह कोणत्या वयात झाला, किती वर्षं आहे, डोळे किंवा किडनी बिघडली आहे का, यावरून धोका किती ते कळायचं.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं नाही. त्या गरोदर बायकांना स्टिलबेस्ट्रॉल नावाचं हार्मोनही देत. पुढे कळलं, की त्या औषधामुळे काही मुलींना मोठेपणी कॅन्सर होतो. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ते गरोदर बायकांना देऊ नका असं सांगितलं. पण साखर सांभाळायची आणि आईवर बारीक लक्ष ठेवायचं, ही पद्धत टिकली.

१९६० मध्ये त्यांना बँटिंग पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा १०० पैकी ९० पेक्षा जास्त बाळं वाचत होती. त्यांच्या देखरेखीखाली २,२०० हून जास्त बाळंतपणं झाली. १९८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज दंडावरचा सेन्सर फोनवर साखर दाखवतो. पण तो आकडा बघून काय खायचं, किती इन्सुलिन घ्यायचं, हे दिवसातून अनेकदा आईलाच ठरवावं लागतं. तुमच्या ओळखीत अशी कोणी ताई, मावशी किंवा काकू असेल, तर तिला पेढ्याचा आग्रह करू नका.

शब्दार्थ
दिवस जाणे – गरोदर होणे
वार – पोटातल्या बाळाला आईकडून अन्न पोचवणारा अवयव
स्वादुपिंड – शरीरात इन्सुलिन बनवणारा अवयव
दगावणे – मरण पावणे

प्रश्न
१. डॉ. व्हाइट हार्वर्डमध्ये का शिकू शकल्या नाहीत?
२. आईची साखर वाढली, तर बाळाचं काय होतं?
३. तेव्हा आणि आता साखर कशी तपासतात? तुमच्या शब्दांत चार वाक्यं लिहा.